पुलाचं काँक्रीट: खाडीच्या साइटवर नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

डिप्लोमा किंवा डिग्री घेऊन पुलाच्या साइटवर आलेल्या मुलामुलींना मी पहिल्याच दिवशी विचारतो, ‘एम ४० म्हणजे काय?’ उत्तर तयार असतं: १५० मिलिमीटरच्या क्यूबची २८ दिवसांची ताकद, चौरस मिलिमीटरला ४० न्यूटन. मग मी विचारतो, ‘हे काँक्रीट खाडीच्या पाण्यात १०० वर्षं टिकेल का?’ यावर सगळे गप्प होतात. बरोबरच आहे, कारण क्यूबच्या आकड्यात या प्रश्नाचं उत्तर नाहीच.

आयआरसी ११२, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या काँक्रीटच्या पुलांसाठीच्या नियमावलीप्रमाणे, आपले नेहमीचे पूल १०० वर्षांचं आयुष्य धरून डिझाइन केले जातात. कोकणातले आणि गोव्यातले दमलेले काँक्रीटचे पूल मी बरेच पाहिले. त्यांतले बहुतेक आतली सळई गंजल्यामुळे दमलेले होते, काँक्रीटची ताकद कमी पडल्यामुळे दमलेले फार थोडे. पणजीचा मांडवीवरचा पहिला पूल आमच्या आधीच्या पिढीला चांगला आठवतो. १९७०च्या सुमारास बांधलेला हा प्रीस्ट्रेस्ड, म्हणजे आत तारा ताणून दाबाखाली ठेवलेल्या, काँक्रीटचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा त्याचं वय जेमतेम दीड दशक होतं. आतल्या प्रीस्ट्रेसिंगच्या तारा खाऱ्या हवेत गंजल्या होत्या. पुढे कित्येक वर्षं पणजीकरांना फेरीबोटीच्या रांगेत उभं राहावं लागलं. ठाण्याच्या खाडीवरच्या जुन्या वाशी पुलाच्या केबलही गंजल्या आणि त्याला बाहेरून नव्या केबल ताणून आधार द्यावा लागला.

तेव्हा हा लेख वाचताना एक गोष्ट मनात पक्की ठेवा. गाडीचं वजन पेलायचं काम गाभ्याचं काँक्रीट आणि सळई करतात. पूल किती वर्षं उभा राहणार हे मात्र सळईच्या बाहेरचं पाच ते साडेसात सेंटिमीटरचं काँक्रीट ठरवतं. साइटवर आपण त्याला ‘कव्हर’ म्हणतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या कव्हरभोवतीच फिरतात.

पहिली पायरी: पुलाच्या कुठल्या भागाला काय सोसायचं आहे ते ओळखा

साइटवर गेल्यावर पहिल्या ओहोटीला पायरजवळ, म्हणजे पुलाच्या खांबाजवळ, उभे राहा. पाणी उतरलेलं असेल. पायरवर खाली कालवं आणि शेवाळ धरलेला काळपट पट्टा दिसेल. त्याच्या वर लाटांनी भिजणारा आणि उन्हात वाळणारा पट्टा, आणि त्याहून वर कोरडं दिसणारं काँक्रीट. हे तीन थर म्हणजे तीन वेगळी हवामानं आहेत.

नव्या माणसाला वाटतं, कायम पाण्यात बुडालेला पाइल, म्हणजे जमिनीत खोल गेलेला पायाचा खांब, सगळ्यात धोक्यात असेल. प्रत्यक्षात तसं नसतं. गंजायला पाणी लागतं तसा प्राणवायूही लागतो, आणि कायम पाण्याखाली असलेल्या काँक्रीटमध्ये तो फारच कमी पोचतो. खरा मार बसतो भरती-ओहोटीच्या आणि शिंतोड्यांच्या पट्ट्याला. भरतीला खारं पाणी आत शिरतं, ओहोटीला उन्हाने पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. असं दिवसातून दोनदा, वर्षानुवर्षं. मिठागरात मीठ पिकतं तसं पायरच्या कातडीत मीठ साठत जातं.

आयआरसी ११२ ने याच अनुभवावरून चार वर्ग केले आहेत. मध्यम वर्गात कोरडं किंवा कायम ओलं काँक्रीट येतं. तीव्र वर्गात दमट किनारी हवा, आणि समुद्राच्या पाण्यात पूर्ण बुडालेला भाग. अति तीव्र वर्गात खारं वारं अंगावर घेणारा भाग. आणि शेवटच्या, सगळ्यात कडक वर्गात भरती-ओहोटीचा, शिंतोड्यांचा पट्टा. मध्यम वर्गाला किमान एम २५, पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५, घनमीटरला किमान ३४० किलो सिमेंट आणि ४० मिलिमीटर कव्हर. तीव्र वर्गाला एम ३०, ०.४५, ३६० किलो, ४५ मिलिमीटर. अति तीव्रला एम ४०, ०.४०, ३८० किलो, ५० मिलिमीटर. सगळ्यात कडक वर्गाला एम ४५, ०.३५, ४०० किलो आणि ७५ मिलिमीटर.

हे आकडे पाठ केले नाहीत तरी चालेल. त्यांचा रोख मात्र समजून घ्या. हवामान कडक होत जातं तसं पाणी कमी होतं, सिमेंट वाढतं, कव्हर जाड होतं. पुष्कळदा डिझाइनरला भार पेलायला एम ३० पुरेसं असतं, तरी ड्रॉइंगवर एम ४५ लिहिलेलं असतं. ‘एवढं जड ग्रेड कशाला?’ असं कोणी विचारलं तर सांगा, ते मिठासाठी आहे, ट्रकसाठी नाही. या कारणामुळेच ‘क्यूब एम ३५च्या वर गेला ना, मग झालं’ हा युक्तिवाद खाडीवर चालत नाही.

दुसरी पायरी: सळई का गंजते ते एकदा नीट समजून घ्या

चांगलं काँक्रीट खूप अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच १२.५ ते १३. एवढ्या अल्कात सळईवर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ, घट्ट पापुद्रा धरतो आणि तो आहे तोवर सळई गंजत नाही. हा पापुद्रा दोन मार्गांनी जातो. एक, हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो, अल्क मारतो आणि पीएच ९च्या खाली आणतो. दुसरा मार्ग मिठातल्या क्लोराइडचा. पीएच चांगला असला तरी ते पापुद्र्याला जागोजागी भोकं पाडतं. खाडीवर हा दुसरा मार्ग जास्त घातक, कारण त्यात सळई एकाच ठिकाणी खोल खड्डा पडून कुरतडली जाते.

गंज मूळ पोलादापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. आत फुगणाऱ्या गंजाला जागा हवी असते आणि काँक्रीट ताणाला कच्चं आहे, त्याची ताणाची ताकद दाबाच्या ताकदीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणून सळईच्या रेषेत तडा जातो, मग पापडासारखा तुकडा सुटतो, आणि मग पाण्याला सरळ वाट मिळते. पहिला तडा दिसेपर्यंत बाहेरून काहीच कळत नाही. पूल गंजाच्या बाबतीत फार उशिरा बोलतो.

तिसरी पायरी: पाणी. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

सिमेंटला पूर्ण मुरायला वजनाच्या साधारण ०.३८ पट पाणी पुरतं. त्याहून जास्त घातलेलं पाणी पुढे कुठेतरी जातंच, आणि जाताना केसांपेक्षा बारीक वाटा मागे ठेवतं. याच वाटांनी नंतर मीठ आत येतं. पाणी वाढलं की ताकदही कमी होते हे कॉलेजात शिकवतात. झिरप किती वेगाने वाढते, यावर तिथे फारसं कोणी बोलत नाही.

एक प्रसंग सांगतो, माझ्या सुरुवातीच्या दिवसांतला. एप्रिलची दुपार, पायर कॅपचं, म्हणजे खांबाच्या डोक्यावरच्या टोपीचं, काम, आणि सहा घनमीटरची ट्रान्झिट मिक्सर गाडी रहदारीत अडकून उशिरा आलेली. पंपवाला म्हणाला, ‘साहेब, माल घट्ट आलाय, पाइपात बसेल. थोडं पाणी मारू का?’ मुकादमही म्हणाला, ‘मारू द्या, एवढ्याने काय होतंय.’ मी मान डोलावली. ड्रायव्हरने गाडीची नळी लावली आणि टाकीतलं सुमारे शंभर लिटर पाणी ड्रममध्ये सोडलं. माल सुरेख झाला, भराभर उतरला, सगळे खूश.

त्या रात्री मी कागदावर हिशोब केला. मिक्समध्ये घनमीटरला ४०० किलो सिमेंट आणि १६० लिटर पाणी, म्हणजे प्रमाण ०.४०. सहा घनमीटरात १०० लिटर म्हणजे घनमीटरला जवळजवळ १७ लिटर जास्त. १७७ भागिले ४००, म्हणजे ०.४४. मी मान डोलावली तेवढ्या वेळात ते काँक्रीट खाऱ्या वाऱ्याच्या वर्गातून बाहेर पडलं होतं. सकाळी मी वरिष्ठांना सांगितलं, नोंद झाली, त्या कॅपवर नंतर कोटिंग घ्यावं लागलं. क्यूब पास झाले होते, आणि हीच मला सगळ्यात जास्त घाबरवणारी गोष्ट वाटली.

तेव्हापासूनचा माझा नियम असा: गाडीत पाणी टाकायचं नाही. माल घट्ट आला तर केमिकल, म्हणजे सुपरप्लास्टिसायझर, ठरलेल्या मर्यादेत आणि प्लांटच्या माणसाच्या उपस्थितीत द्यायचं, ड्रम चांगला फिरवायचा आणि स्लम्प, म्हणजे माल किती घट्ट-पातळ आहे त्याचं माप, पुन्हा घ्यायचा. तरी स्लम्प मर्यादेत बसला नाही तर गाडी परत. गाडी परत पाठवताना तुमच्यावर दबाव येईल, आवाज चढतील. डिस्पॅच चलनावरची बॅचिंगची वेळ दाखवा, स्लम्पचा आकडा लिहा आणि सही करून परत पाठवा. गाडी येण्याआधीच वाळू-खडीच्या ओलाव्याचं प्रमाण प्लांटला विचारत जा. पावसाळ्यात ओल्या क्रश सँडमधून येणारं पाणी कोणी वजा केलं नाही, तर नळी न लावताही ०.४४ होतं.

मिसळायचं पाणी कुठलं तेही बघा. खाडीकाठच्या बोअरवेलला चव खारट लागते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे आरसीसीसाठी, म्हणजे सळई असलेल्या काँक्रीटसाठी, पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही. खाडीतून उपसलेली वाळू तर पुलाच्या कामाला हातात धरू नका. ती धुतली असं कोणी सांगितलं तरी प्रयोगशाळेचा कागद मागा. बाहेरून यायला मिठाला वर्षानुवर्षं लागतात, तेच मीठ आपण पहिल्याच दिवशी आत घालून द्यायचं का?

चौथी पायरी: सिमेंट आणि खडी

समुद्राजवळचं काम म्हटलं की नवे इंजिनिअर हमखास सल्फेट रेझिस्टिंग सिमेंट सुचवतात, कारण समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं. ही चूक समजण्यासारखी आहे, पण चूकच आहे. सल्फेटला तोंड द्यायला या सिमेंटमधलं ट्रायकॅल्शियम अॅल्युमिनेट कमी केलेलं असतं, आणि नेमकं तेच क्लोराइडला धरून ठेवायचं काम करतं. ते कमी झालं की मीठ सळईकडे जास्त मोकळेपणाने जातं. सळई असलेल्या खाडीतल्या काँक्रीटला स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळलेलं किंवा फ्लायअॅश (कोळशाच्या वीजकेंद्रातली राख) मिसळलेलं सिमेंट जास्त चांगलं. स्लॅग आणि फ्लायअॅश सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी हळूहळू संयोग पावतात आणि त्या बारीक वाटा बुजवत जातात.

याची एक किंमत आहे. असं काँक्रीट सावकाश मुरतं. ७ दिवसांचा क्यूब कमी दिसतो आणि नवखा माणूस घाबरतो. गर्डर, म्हणजे पुलाची तुळई, लवकर ताणायचा असेल, म्हणजे स्ट्रेसिंग तिसऱ्या-चौथ्या दिवशी हवं असेल, तर स्लॅगचं प्रमाण आणि वेळापत्रक यांची ओढाताण होते. मला विचाराल तर पाइल, पाइल कॅप (पाइलांना वरून बांधणारा जाड ठोकळा) आणि पायरला भरपूर स्लॅग घ्यावा आणि गर्डरसाठी वेगळं मिक्स ट्रायल करावं. दोन्हीला एकच मिक्स चालवायचा मोह प्लांटवाल्याला होतो. तो टाळा.

खडीबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी आपल्याला काळा बेसॉल्ट मिळतो, आणि आपलं नशीब चांगलं आहे. बेसॉल्टची खडी ताठ असते. आयआरसी ११२ ग्रॅनाइटच्या खडीपेक्षा बेसॉल्टसाठी काँक्रीटचा लवचीकतेचा गुणांक १.२ पट धरू देतं, म्हणजे गर्डर कमी लवतो. फक्त खडी चपटी आणि लांबट नको, आणि खाणीवरची मातकट, झिजलेली वरची पट्टी त्यात मिसळलेली नको.

पाचवी पायरी: कव्हर हातात पट्टी घेऊन मोजा

क्लोराइड किंवा कार्बन डायऑक्साइड आत शिरण्याची खोली ढोबळमानाने वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. याचा अर्थ उलटा वाचा. कव्हर निम्मं झालं तर सळईपर्यंत पोचायला लागणारा वेळ निम्मा नाही, पाव होतो. ५० मिलिमीटरच्या जागी २० राहिलं तर वेळ सहाव्या हिश्श्याहूनही कमी. ड्रॉइंगवर १०० वर्षं लिहिलेल्या पुलाच्या त्या ठिकाणची गणती पंधरा-सोळा वर्षांवर येते. आमच्या धंद्यातला याहून जास्त किफायतशीर हिशोब मला माहीत नाही: दोन-चार रुपयांचा कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई साच्यापासून लांब ठेवणारा ठोकळा, आणि त्यावर टांगलेली ऐंशी वर्षं.

कव्हर जातं कुठे? पायरच्या पिंजऱ्याला फिटरने ब्लॉक बांधले, पण शटर, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, बसवताना दोन ब्लॉक निसटले. डेक स्लॅबच्या, म्हणजे गाड्या चालतात त्या स्लॅबच्या, जाळीवरून माणसं चालली, ब्लॉक दबले आणि जाळी शटरला टेकली. बाइंडिंग वायरचं टोक बाहेरच्या बाजूला राहिलं. काँक्रीट ओतायच्या आधी शटरच्या आत वाकून, टॉर्च लावून, प्रत्येक बाजूला पट्टीने मोजा. चेकलिस्टवर ‘कव्हर ओके’ असं लिहू नका, चार ठिकाणचे आकडे लिहा. आकडे लिहायचे म्हटल्यावर माणूस वाकतोच. कव्हर ब्लॉक पुलाच्या काँक्रीटच्याच दर्जाचे हवेत. साइटवर उरलेल्या मॉर्टरचे हाताने थापलेले ब्लॉक म्हणजे मिठाला मुद्दाम ठेवलेली खिडकी.

कोणी विचारेल, मग १०० मिलिमीटर कव्हर का नाही देत? कारण सळई जितकी आत, तितका पृष्ठभागावरचा तडा रुंद होतो, आणि आयआरसी ११२ कडक हवामानात आरसीसीच्या तड्याला साधारण ०.२ मिलिमीटरची मर्यादा घालतं. शिवाय काँक्रीट घनमीटरला अडीच टन. २५ मिलिमीटर जास्त जाडी म्हणजे चौरस मीटरला ६० किलोच्या वर जास्त वजन, आणि ते गर्डरपासून पाइलपर्यंत सगळ्यांनी वाहायचं. म्हणून ७५ म्हणजे ७५. ६० नको आणि ९०ही नको.

सहावी पायरी: ओतणं आणि व्हायब्रेटर

काँक्रीटमध्ये ५ टक्के पोकळी राहिली तर ताकद ३० टक्क्यांपर्यंत घसरू शकते. सळ्या दाटीने असलेल्या पायर कॅपमध्ये आणि गर्डरच्या टोकाला व्हायब्रेटरची सुई शिरते की नाही, हे सळई बांधतानाच बघा. ओतायच्या दिवशी बघून काही उपयोग नाही. सुई उभी आणि झटकन खाली सोडायची, खालच्या थरात थोडी घुसवायची, मग सावकाश वर काढायची. सुईने माल आडवा ढकलणारा माणूस दिसला की त्याच्या हातातून ती घ्या आणि एकदा स्वतः करून दाखवा. तो ऐकतो, नुसतं ओरडल्याने ऐकत नाही.

शटर काढल्यावर मधाच्या पोळ्यासारखी खडी उघडी पडलेली दिसली, ज्याला आपण हनीकोंब म्हणतो, तर सकाळी सकाळी सिमेंटची पेस्ट लावून झाकणारे लोक मी पाहिले आहेत. झाकू देऊ नका. आधी फोटो, नोंद, खोली तपासणं, मग ठरलेल्या पद्धतीने दुरुस्ती. झाकलेला हनीकोंब पुढे दहा वर्षांनी तुमच्या जागी आलेल्या कोणाच्या तरी गळ्यात पडतो.

पाइल कॅपसारख्या जाड कामाला आणखी एक काळजी घ्या: उष्णता. सिमेंट मुरताना गरम होतं आणि जाड कामात ती उष्णता बाहेर पडत नाही. आतला गाभा गरम आणि बाहेरची कातडी थंड झाली की कातडी ताणली जाऊन तडकते. गाभ्याचं तापमान ७०च्या पुढे जाऊ देऊ नका आणि गाभा-पृष्ठभागातला फरक २० अंशांच्या आसपास ठेवा. त्यासाठी बर्फ घातलेलं पाणी, रात्रीचं काम, सावलीतली खडी आणि पुन्हा एकदा स्लॅग. आत थर्मोकपलच्या, म्हणजे तापमान मोजायच्या, तारा ठेवल्या असतील तर दर दोन तासांनी वाचन घ्या. रात्रीची पाळी ज्याची असेल त्याने झोपू नये, ही साधी गोष्ट.

सातवी पायरी: पाणी मारणं

क्युअरिंगबद्दल आयएस ४५६ काय सांगतं? साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, स्लॅग किंवा फ्लायअॅश असेल तर किंवा हवा कोरडी-गरम असेल तर किमान १० दिवस, आणि मिश्र सिमेंटला शक्य तर १४. क्युअरिंग गाभ्यासाठी नसतं. गाभ्यातलं पाणी सहसा उडत नाही. वाळते ती बाहेरची चार-पाच सेंटिमीटरची कातडी, म्हणजे आपलं कव्हरच. आणि क्यूब? ते तर प्रयोगशाळेच्या टाकीत २८ दिवस आरामात पाण्यात बसलेले असतात. म्हणूनच क्यूब पास आणि पायर कच्चा, असं घडू शकतं.

डेक स्लॅबला वाफे करून पाणी साठवणं सोपं जातं. अवघड असतात ते पायर आणि गर्डरच्या उभ्या बाजू. तिथे दुपारी एकदा नळी फिरवून गेलेल्या माणसाने केलं ते क्युअरिंग नव्हे. गोणपाट गुंडाळा, वरून भोकं पाडलेला पाइप सोडा, गोणपाट हाताला कायम ओलं लागलं पाहिजे. मी पोरांना सांगतो, रविवारी आणि सणाच्या दिवशी येऊन हात लावून बघा. बहुतेक पायर रविवारीच वाळतात.

आठवी पायरी: प्रीस्ट्रेसिंग, सरकणं आणि ताणलेल्या केबलचं रक्षण

काँक्रीटवर कायम दाब ठेवला तर ते वर्षानुवर्षं हळूहळू दबून आखूड होत राहतं, यालाच आपण ‘सरकणं’ म्हणतो. वाळतानाही आखडतं. प्रीस्ट्रेस्ड गर्डरमध्ये याचा थेट परिणाम होतो: काँक्रीट आखडलं की केबल सैल पडते आणि ताण कमी होतो. डिझाइनर हा तोटा आधीच धरतो, पण त्याने धरलेलं काँक्रीट आणि तुम्ही ओतलेलं काँक्रीट एकच असेल तरच त्याचा हिशोब बरोबर येतो.

हा हिशोब किती महाग पडू शकतो याचं उदाहरण पॅसिफिकमधल्या पलाऊ बेटांवरच्या कोरोर पुलाचं. १९७७ साली बांधलेला, मधला गाळा तब्बल २४१ मीटर. सरकणं आणि आखडणं अपेक्षेपेक्षा खूपच जास्त झालं आणि पुढच्या अठरा वर्षांत मध्यभाग सुमारे १.४ मीटर खाली आला. १९९६मध्ये त्याला नव्या केबलनी दुरुस्त केलं आणि त्याच वर्षी २६ सप्टेंबरला तो कोसळला, दोन माणसं गेली. आपल्याकडचे ३०-४० मीटरचे गर्डर एवढे नाजूक नसतात. तरी गर्डर तरुण वयात ताणायची घाई, पाणी जास्त झालेला माल, क्युअरिंगमधली कुचराई, हे सगळं त्याच दिशेने ढकलतं. म्हणून स्ट्रेसिंगच्या आधी त्या दिवसाच्या क्यूबचा आकडा हातात असल्याशिवाय जॅक चालू करू देऊ नका. एम ४० म्हणजे १५० गुणिले १५० मिलिमीटरच्या चेहऱ्यावर ९०० किलोन्यूटन. त्यातला किती हिस्सा स्ट्रेसिंगला लागतो ते ड्रॉइंगवर असतं.

ताणून झाल्यावर शीथिंगच्या, म्हणजे केबलभोवतीच्या, नळीत ग्राउट (सिमेंट-पाण्याचा पातळ लगदा) भरायला उशीर करू नका. उघड्या ताणलेल्या तारेइतकी खाऱ्या हवेला घाबरणारी दुसरी वस्तू पुलात नाही. ग्राउट दुसऱ्या टोकाच्या व्हेंटमधून भरीव, बुडबुड्यांविना बाहेर येईपर्यंत थांबा. मांडवीचा पूल आठवा आणि थांबा.

तापमानाचीही एक छोटी गोष्ट. काँक्रीट आणि सळई उष्णतेने जवळपास सारख्याच फुगतात, अंशाला मीटरमागे साधारण ०.०१२ मिलिमीटर. ४० मीटरचा गर्डर ३० अंशांच्या फरकाने साधारण १४ मिलिमीटर लांब-आखूड होतो. त्यासाठी गर्डरखाली बेअरिंग असतं आणि टोकाला एक्स्पान्शन जॉइंटची फट. त्या फटीत लाकडाची फळी किंवा वाळलेला माल अडकलेला राहिला, तर गर्डर पायरला ढकलू लागतो.

नववी पायरी: चाचण्या नीट वाचा

क्यूबच्या निकालात सरासरीबरोबर फरकही बघा. एम ४० म्हणजे शंभरातले पाचांपेक्षा जास्त निकाल ४०च्या खाली नकोत. म्हणून मिक्स ४८च्या आसपास सरासरी धरून केलेलं असतं. तुमचे निकाल ४१-४२ वर रेंगाळत असतील तर प्रत्येक निकाल ४०च्या वर असूनही प्लांटवर काहीतरी सैल झालं आहे. आयएस ४५६ प्रमाणे १६ ते ३० घनमीटरला तीन नमुने लागतात आणि प्रत्येक नमुन्यात तीन क्यूब. क्यूब गाडीच्या मधल्या मालातून घ्या, ड्रायव्हरने ‘हा चांगला माल’ म्हणून दाखवलेल्या मालातून नको.

खाडीच्या कामाला क्लोराइडच्या झिरपीची चाचणीही मागा, जिला आरसीपीटी म्हणतात. ५० मिलिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या चकतीतून ६० व्होल्टवर सहा तासांत किती कूलॉम विद्युतभार जातो ते मोजतात. ४०००च्या वर म्हणजे काँक्रीट गाळणीसारखं, १०००च्या खाली म्हणजे मीठ अगदी हळू शिरेल असं. स्लॅगचं काँक्रीट ५६ दिवसांनी मोजा, म्हणजे त्याच्यावर अन्याय होणार नाही. हा कागद पाहिल्यावर पहिल्यांदाच तुम्हाला त्या सुरुवातीच्या प्रश्नाच्या, १०० वर्षांच्या, जवळ जाणारं उत्तर मिळतं.

दहावी पायरी: पूल चालू झाल्यावर खालून बघा

जुन्या पुलाच्या तपासणीला कोणी तुम्हाला नेलं तर नक्की जा. हातोडीने टकटक करा. चांगलं काँक्रीट ‘टण’ वाजतं, आतून सुटलेलं ‘भद्द’ वाजतं. एका जुन्या पुलाच्या पायरला अशी हातोडी मारली आणि हाताएवढा पापुद्रा निघून पाण्यात पडला. मागे सळईच्या जागी लाल चुरा होता. आत पट्टी धरली तर तिथे मुळात १५ मिलिमीटर कव्हर होतं. ज्या कोणी ते शटर तपासलं होतं तो बहुधा निवृत्तही झाला असेल. तोडलेल्या ताज्या चेहऱ्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाका. जिथे गुलाबी होईल तिथे अल्क शिल्लक आहे, जिथे रंग येणार नाही तिथपर्यंत हवेने पोखरलं आहे. गुलाबी रंग सळईच्या आत सरकलेला दिसला की समजायचं, संरक्षण संपलं.

पावसाळा संपल्यावर एक फेरी ठेवा. एक्स्पान्शन जॉइंटच्या खाली पायर कॅपवर ओल आहे का, गर्डरच्या टोकांना पांढरे ओघळ आहेत का, डेकवरच्या पाण्याचा नळ गर्डरच्या अंगावर तर ठिबकत नाही ना, ते बघा. ठिबकत असेल तर नळाला गर्डरच्या तळाच्या खालपर्यंत जाणारा पाइपचा तुकडा जोडा. जॉइंटचं रबर फाटलं असेल तर पुढच्या पावसाआधी बदलायला लावा, आणि बदलून झाल्यावर वरून बादलीभर पाणी ओतून खाली उभे राहा.